नावेला बाजू असते

झाशीत राहून मला नावेच्या दिव्यांचा अभ्यास करावा लागेल, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला दतिया गेटवर नेऊन एक कडक चहा पाजला असता आणि घरी जाऊन झोप म्हणून सांगितलं असतं. आमच्या शहरापासून समुद्र कुठल्याही दिशेला रात्रभराच्या गाडीइतका लांब. मी छत्तीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल खात्यात काढली. लाल, पिवळा आणि हिरवा यांच्या पलीकडे दिव्यांचं जग असेल तर असो बापडं, अशा मताचा मी माणूस. निवृत्त झाल्यावर मला एकच काम करायचं होतं, ते म्हणजे थकायचं. छत्तीस वर्षं सिग्नल बिघडला की घरी बोलावणं यायचं, त्यामुळे नीट थकायलाही सवड मिळाली नव्हती.

पण मूल असलं की माणूस निवृत्त होत नाही, नुसता ऑफिसला जायचा थांबतो.

आमची एकुलती एक मुलगी एरचच्या पलीकडे, बेतवेच्या दुसऱ्या काठावरच्या एका गावात सरकारी प्राथमिक शाळेत शिकवते. त्या गावात एकट्या बाईला भाड्याने खोली कुणी देईना, म्हणून तिने अलीकडच्या काठावर एरचमध्ये घेतली. सकाळी नावेने नदी पार करायची, संध्याकाळी नावेने परत यायचं आणि शनिवारी बसने झाशीला घरी. पूल आहे, पण पुलावरून त्या गावाला जायचं म्हणजे दोन गाड्या बदलून दीड तासाचा वळसा, आणि दुसरी गाडी येईलच याचा भरवसा नाही. नाव वीस मिनिटांत नेते. सगळं गाव नावेनेच येतं-जातं, तशी हीसुद्धा.

जानेवारीतल्या एका शनिवारी ती घरी आली ती रोजच्यासारखीच आली. चहा प्यायली, आईच्या हातची साबुदाण्याची खिचडी खाल्ली, शाळेतल्या दोन गमती सांगितल्या. मग कणीक मळायला बसली आणि एकाच हाताने मळायला लागली. बायकोच्या नजरेतून असलं काही सुटत नाही. तिने मुलीची बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत हात काळानिळा झाला होता.

"हे काय गं?"

"कुछ नहीं आई, थोडं लागलं."

हळूहळू बाहेर आलं ते असं. आदल्या संध्याकाळी धुकं उतरलं होतं. नाव भरल्याशिवाय सुटत नाही, त्यामुळे निघायला उशीर झाला होता. नदीच्या मध्यावर वाळू वाहून नेणारी एक मोटारबोट धुक्यातून अचानक समोर आली आणि नावेच्या कडेला घासून गेली. नाव कलली, ही फळीवर आदळली. एका बाईची पिठाची पिशवी पाण्यात गेली. बाकी कुणाला काही झालं नाही. "बाद में सब हँस रहे थे," ती म्हणाली.

मला काही हसू आलं नाही. मी पेपर खाली ठेवला आणि गेली आठ वर्षं जे वाक्य बोलतोय तेच पुन्हा बोललो. "सोडून दे ती नोकरी. नाहीतर बदली मागून घे."

इथे आमच्या घरातल्या भाषेबद्दल थोडं सांगायला हवं. आमचं घराणं झाशीत येऊन इतक्या पिढ्या झाल्या की आमच्या मराठीला आता इकडच्याच पाण्याची चव आहे. बायको इंदूरची. ती अजून शुद्ध बोलते आणि मला शुद्ध रागावते. मुलगी मराठीत ऐकते आणि अर्धंमुर्धं हिंदीत उत्तर देते. राग आला की पुरती हिंदीत जाते. ती आपणहून सलग मराठीत बोलायला लागली तर समजावं, पोर आतून हललेली आहे.

त्या दिवशी ती हिंदीत गेली. "आप हर बार यही बोलते हैं, बाबा. स्कूल में हम दो ही टीचर हैं. मैं चली गई तो ताला लग जाएगा. और नदी तो वहीं रहेगी, बच्चे तो उसी नाव में आएँगे."

"त्या नावेवर दिवा का नाही?" मी विचारलं.

"किसी नाव पर नहीं होता."

"मी लावून देतो."

बायकोने पोळी लाटता लाटता माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं. आमच्या घरात माया बोलून दाखवायची रीत नाही, बिघडलेलं दुरुस्त करून द्यायची रीत आहे. माझ्या वडिलांनी मला कधी जवळ घेतल्याचं आठवत नाही, पण माझ्या सायकलची घंटा कधी बंद पडू दिली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी मोबाईल डोळ्यांसमोर धरून नावेच्या दिव्यांचे नियम वाचायला लागलो. जगभरच्या नावांना एकच नियम. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, मागे पांढरा. दोन्ही रंगीत दिवे नाकाशी, एकमेकांना चिकटून, आणि दोन्ही एकाच वेळी चालू! मी चष्मा काढून ठेवला. एकाच वेळी लाल आणि हिरवा दाखवणाऱ्या माणसाला आमच्या खात्यात त्याच दिवशी घरी बसवलं असतं. लाल म्हणजे थांब. हिरवा म्हणजे ये. दोन्ही मिळून काय, तर थांबत थांबत ये?

खाली सगळं नीट समजावलेलं होतं, खोटं कशाला सांगू. दिसलेल्या रंगावरून समोरच्याला कळतं की नावेची कुठली बाजू आपल्याकडे आहे आणि ती कुठे चालली आहे. आणखी खाली अगदी छोट्या, हळू चालणाऱ्या नावांबद्दलही दोन ओळी होत्या. मी त्यांवरून नजर फिरवली आणि पुढे गेलो. साठी उलटलेल्या माणसाला आपल्याला माहीत असलेलंच वाचायला आवडतं.

मला जे माहीत होतं ते असं. गाडीच्या पुढे झगझगीत पांढरा दिवा. गाडीच्या शेवटच्या डब्यामागे लाल दिवा. तो लाल दिवा स्टेशनावरून गेला की कळतं, गाडी पूर्ण आली, मागे काही सुटलं नाही, आणि मागून येणाऱ्यालाही कळतं की पुढे गाडी आहे. यात चूक काढायला जागाच नाही. जी पद्धत हजार टनांची गाडी सांभाळते ती चौदा हात लांबीची नाव सांभाळणार नाही?

मी बड्या बाजारात गेलो. विजेच्या सामानाच्या दुकानात नावेचे दिवे मागितले तेव्हा दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवला.

"नाव की बत्ती? भाईसाहब, झाँसी में नाव?"

"एरच में."

"तो एरच में देखिए न."

शेवटी मी मोटारसायकलचा एक पुढचा दिवा घेतला, टेम्पोचा मागचा लाल दिवा घेतला आणि एक छोटी बॅटरी. घरी येऊन ओसरीवर सगळं जोडलं. दिवे लागले. बायको म्हणाली, "छान. आता नदीवर सिग्नलही उभारा. आणि त्या नाववाल्याला विचारलंत का काही?"

"त्याला काय विचारायचं?"

"नाव त्याची आहे म्हणून म्हटलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा." ती आत निघून गेली. तिच्याशी वाद घालायचा मला कंटाळा आला होता. तसा मला तेव्हा सगळ्याचाच कंटाळा होता. गुडघे दुखत होते, मान दुखत होती, आणि डोळे मिटले की कोपरापासून मनगटापर्यंतचा तो काळानिळा हात दिसत होता.

शुक्रवारी सकाळच्या बसने मी एरचला गेलो. बॅटरी मांडीवर घेऊन अडीच तास. मुलगी शाळेत गेली होती. नाववाला माझ्याच वयाचा निघाला. वाळलेला, कानाला मफलर, बोलणं बेताचं. मी नावेत चढून पुढचा दिवा नाकावर बसवला आणि लाल दिवा मागे, पार शेपटीवर. तो उभा राहून बघत होता.

"लाल काय खों, बाबूजी?" लाल कशाला, असं त्याने त्याच्या बुंदेलीत विचारलं.

"नियम है," मी म्हटलं.

सरकारी आवाजात नियम म्हटलं की आपल्याकडे माणसं गप्प बसतात. त्या आवाजाची मला छत्तीस वर्षांची सवय. पण नियम तसा नव्हता, हे मला माहीत होतं. नोकरीत असताना मी नियम कधी मोडला नाही आणि निवृत्त झाल्यावर स्वतःच बनवून मोकळा झालो.

दुपारी त्याच नावेने पलीकडे गेलो. शाळेच्या ओट्यावर बसून मुलीची वाट बघितली. आत पोरं पाढे म्हणत होती आणि मध्येच तिचा आवाज यायचा. घरी जो आवाज ऐकतो तो नव्हे, जास्त मोकळा. शाळा सुटली, तरी ती दोन मुलांना वाचायला बसवून थांबली. मग आम्ही घाटावर आलो. नाव भरायची वाट बघण्यात पाऊण तास गेला. सूर्य दिसेनासा झाला आणि पाण्यावरून धुकं वर चढायला लागलं.

नावेत आठ माणसं, एक मोटारसायकल आणि तिला टांगलेले दुधाचे दोन रिकामे कॅन. मी ऐटीत दोन्ही दिवे लावले. पुढच्या दिव्याचा झोत धुक्यावर पडला आणि समोर पांढरी भिंत उभी राहिली. नाववाला वल्ही थांबवून म्हणाला, "बाबूजी, हमें तो कछू दिखात नइयाँ."

"तुम्हें नहीं, दूसरों को दिखना चाहिए."

"पर चलाने तो हमईं खों है."

माणसं हसली. मला राग आला. मी पुढचा दिवा बंद केला आणि पाठ फिरवून बसलो. मागचा लाल दिवा चालू होता, तेवढ्यावर मी समाधान मानलं. शेपटीला लाल दिवा आहे म्हणजे गाडी सुरक्षित आहे.

नदीच्या मध्यावर इंजिनाचा आवाज ऐकू आला. धुक्यात आवाज कुठून येतो ते कळत नाही, पण नाववाल्याने मान वर करून डावीकडे पाहिलं. आवाज वाढत गेला. मी निश्चिंत होतो, कारण आमचा दिवा दिसत असणारच. तो दिसत होताही. धुक्यातून वाळूच्या बोटीचं काळं नाक बाहेर आलं ते लाल दिव्याला बेताने टाळून, त्याच्या पुढच्या बाजूने निघालेलं. आणि लाल दिव्याच्या पुढच्या बाजूला आमची सगळी नाव होती.

मुलगी उभी राहिली. हातातल्या मोबाईलचा टॉर्च लावून तिने हात डोक्याच्या वर धरला आणि डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, जोरजोरात हलवायला लागली. "रोको! नाव है! नाव है!"

वाळूची बोट वळली. कशी वळली ते तिच्या चालकालाच ठाऊक. आमच्या नाकापासून हातभरावरून ती गेली, तिच्या लाटेने आम्ही सगळे भिजलो आणि दुधाचे कॅन एकमेकांवर आपटले. जाता जाता चालक ओरडला, "मसीन की बत्ती नाव में काय लगा लई, रे?"

मला काही समजलं नाही. नाववाल्याने वल्हं पुन्हा पाण्यात घातलं आणि शांतपणे सांगितलं, जणू बाजारभाव सांगतोय. नदीत वाळू काढायची यंत्रं ड्रमांवर तरंगत नांगरून ठेवलेली असतात. त्यांच्यावर लाल दिवा असतो. लाल दिवा दिसला की बोटवाले समजतात, यंत्र उभं आहे, हलणार नाही, बाजूने निघून जा. इथे सगळ्यांना हे माहीत आहे.

"तुमने बताया क्यों नहीं?" मी विचारलं.

"आपने कही, नियम है," तो म्हणाला.

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

घाटाला लागल्यावर माणसं उतरून गेली. एक म्हातारी तेवढी मुलीच्या गालावरून हात फिरवून गेली. मी पायरीवर बसलो. आयुष्यभर दिवे लावले ते माणसं वाचवायला. आणि ज्या एका नावेत माझी मुलगी बसते तिला मी उभं यंत्र करून ठेवलं होतं. आधीच्या धडकेच्या वेळी नावेवर दिवा नव्हता. या वेळी दिवा होता, माझ्या हाताने लावलेला, आणि त्यानेच बोट आमच्या अंगावर आणली होती.

मुलगी शेजारी येऊन बसली. आपली ओढणी पिळत होती. मी म्हटलं, "मला भीती वाटते गं. रोज वाटते. सकाळी तू नावेत असशील तेव्हा वाटते आणि संध्याकाळी असशील तेव्हा वाटते. मधल्या वेळात मी पेपर वाचतो."

ती बोलली ती मराठीत, आमच्या अडखळत्या, झाशीच्या मराठीत. "मग असं सांगायचं ना, बाबा. तुम्ही नेहमी नोकरी सोड म्हणता. मला वाटतं तुम्हाला माझं काम फालतू वाटतं. भीती वाटते, असं तुम्ही कधीच नाही म्हटलं."

"तू तो टॉर्च असा का हलवलास?"

"तुम्हीच शिकवलं होतं. ओसरीवर. मी छोटी होते. लाल दिवा नसेल तर पांढरा दिवा जोरात हलवायचा, गाडी थांबते."

मी ते साफ विसरलो होतो. सिग्नल खात्यातला प्रत्येक बाप आपल्या पोराला हा खेळ शिकवतो आणि विसरतो.

ती पुढे म्हणाली, "आणि बाबा, आमच्याकडे मागून कोणी नाही येत. आम्ही नदी आडवी पार करतो. बोटी धारेबरोबर येतात. धोका बाजूने असतो. तुम्ही मला विचारलंच नाही."

खरं होतं. रुळावर धोका पुढून येतो नाहीतर मागून. गाडीला बाजू नसते. छत्तीस वर्षं मी अशा जगात राहिलो, जिथे कुणी बाजूने येत नाही, आणि त्याच डोळ्यांनी मी नदीकडे पाहिलं. घरातही तसंच पाहत आलो असेन. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन्ही दिवे काढले आणि पहिल्यांदा नाववाल्याशेजारी बसून त्याला विचारलं की तुला कसा दिवा हवा. तो आधी संकोचला. मग विडी विझवून त्याने तीन गोष्टी सांगितल्या. दिवा माझ्या डोळ्यांत येऊ नये. मोटारसायकल किंवा उंच माणूस उभा राहिला तरी झाकला जाऊ नये. आणि रात्री घरी नेता आला पाहिजे, नाहीतर सकाळपर्यंत राहणार नाही.

शाळा सुटल्यावर मुलगी आणि मी शनिवारच्या बसने झाशीला आलो. मी मोबाईलवर तेच नियम पुन्हा उघडले आणि मागे टाकलेल्या त्या दोन ओळी वाचल्या. अगदी छोट्या, हळू चालणाऱ्या नावेला चारी बाजूंनी दिसणारा एकच पांढरा दिवा पुरतो. बस, एवढंच. पहिल्यांदा वाचताना मी त्यावरून पुढे गेलो होतो, कारण एवढ्याशा दिव्याला माझ्यासारखा जाणता माणूस लागत नव्हता.

लाल-हिरव्या जोडदिव्याचाही विचार झाला. मुलीनेच तो निकालात काढला. "बोटवाल्यांना त्याचा मतलबच माहीत नाही. लाल बघितलं की मशीन समजतील." दिवा लावणाऱ्याला आणि बघणाऱ्याला दोघांनाही कळला तरच तो दिवा, नाहीतर ती नुसती रोषणाई. हे मला माहीत असायला हवं होतं.

मग रविवारी दिवसभर आमची ओसरी कारखाना झाली. चार्जिंगचा एक गोल दिवा आणला, पावसात भिजला तरी चालणारा, सगळीकडे सारखा उजेड टाकणारा. फार प्रखर नको, धुक्यात पुन्हा भिंत उभी राहायची. दोन परत केले, तिसरा ठेवला. तो बांबूच्या टोकाला बसवायचा, माणसाच्या डोक्याच्या दीड हात वर. पण उजेड खाली पडून नाववाल्याच्या डोळ्यांत जात होता. मी ओसरीत खाली बसून वल्हं मारायचं नाटक करत होतो आणि मुलगी बांबू धरून उभी होती. "अजून येतो डोळ्यांत," मी म्हणत होतो. बायकोने बराच वेळ हा तमाशा पाहिला, मग माजघरातून पिठाच्या जुन्या डब्याचं स्टीलचं झाकण आणून दिलं. "हे खाली लावा." लावलं. खाली सावली, चारी बाजूंना उजेड. मी तिच्याकडे पाहिलं. "शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात," ती म्हणाली, "तुम्हाला झाकण लागलं."

बऱ्याच दिवसांनी आम्ही तिघं एकदम हसलो. तेवढ्यानेसुद्धा मी दमलो.

रविवारी संध्याकाळी मी मुलीबरोबर एरचला गेलो आणि तिच्या खोलीवर राहिलो. सोमवारी सकाळी घाटावर धुकं इतकं होतं की खालच्या पायऱ्या दिसत नव्हत्या. नाववाल्याने बांबू कडेच्या खाचेत रोवला, सुतळीने आवळला आणि दिवा लावला. वल्ह्यांशी बसून त्याने समोर पाहिलं, वर पाहिलं, पुन्हा समोर पाहिलं. "हओ," तो म्हणाला. मला छत्तीस वर्षांत कुणा साहेबाने दिलेला शेरा इतका बरा वाटला नव्हता.

मुलगी नावेत बसली. मला पलीकडे जायचं नव्हतं, परतीची बस होती. निघता निघता ती म्हणाली, "पोहोचले की दिवा दाखवते."

नाव सुटली. थोड्याच वेळात माणसं दिसेनाशी झाली, मग नाव दिसेनाशी झाली आणि दिवा तेवढा राहिला. एका पांढऱ्या दिव्याची एक उणीव आहे, ती मला तेव्हा कळली. तो चारी बाजूंनी दिसतो, पण येतोय की जातोय ते सांगत नाही. मी पायरीवर उभा राहून त्याच्याकडे बघत होतो. मध्येच इंजिनाचा आवाज आला. आवाज जवळ आला, मग दिव्यापासून बराच अलीकडे मंदावला, थांबला, आणि दिवा पुढे गेल्यावर पुन्हा सुरू होऊन खाली धारेकडे निघून गेला. माझी भीती मात्र गेली नाही. ती जाणार नाही, हे मला आता कळलं आहे. ती सांगायची असते, एवढंच.

तोवर धुकं विरळ होत आलं होतं. दिवा थांबला. मग खाली आला, म्हणजे तिने तो बांबूवरून काढून हातात घेतला असणार. आणि पलीकडच्या काठावर तो स्थिर झाला. हलवलेला दिवा धोक्याचा, आणि सगळं ठीक असलं की दिवा स्थिर धरतात. तेही मीच ओसरीवर शिकवलेलं. पण त्या खेळाचा आणखी एक नियम होता. पलीकडून उत्तराचा दिवा दिसेपर्यंत आपला दिवा खाली करायचा नाही.

माझ्या हातात दिवा नव्हता. मी खिशातून मोबाईल काढला. थंडीने बोटं आखडली होती, चष्म्यावर धुकं साचलं होतं आणि टॉर्चचं बटण सापडत नव्हतं. शाळेची वेळ झाली होती. मला टॉर्च लावता येईपर्यंत ती दिवा धरून उभी होती.